स्विच बिघडला, की त्याची कुवत संपली?

दुकान, गोदाम आणि कारखाना यांचे संगणक एकमेकांना जोडण्याची गरज आता लहान व्यापाऱ्यांनाही भासते. पण जोडणी करूनही गोदामातला साठा दुकानात दिसत नाही, अशी तक्रार आमच्या बाजारात नेहमी ऐकू येते. मग दुरुस्तीवाला येतो, "स्विच गेला" म्हणतो आणि नव्याचा भाव सांगतो. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. तरीही व्यापारी बंधूंना आमचे सांगणे आहे की, पुष्कळदा स्विच गेलेला नसतो. मागितलेले काम त्याच्या कुवतीतच नसते. पैसे मोजण्यापूर्वी हा फरक ओळखावा.

साधा स्विच एकाच जाळ्यातले संगणक जोडतो. दुकानाचे जाळे वेगळे आणि गोदामाचे वेगळे असेल, तर मध्ये रस्ता दाखवणारा लागतो. या कामाला राउटिंग म्हणतात. ते राउटर करतो किंवा 'लेयर ३' जातीचा स्विच करतो. रस्ते हाताने लिहून दिले तर ते स्टॅटिक. यंत्रांनी ते आपसांत विचारून शिकायचे असतील तर दोघांची बोली एक हवी. 'रिप' आणि 'ओएसपीएफ' या अशाच बोली, म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल.

प्रत्येक स्विचला प्रत्येक बोली येत नाही. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० या जुन्या स्विचचे उदाहरण घ्या. 'लॅन बेस' सॉफ्टवेअरवर त्याला राउटिंग मिळाले ते १२.२(५५) या आवृत्तीपासून, आणि तेही फक्त स्टॅटिक, जास्तीत जास्त १६ रस्त्यांचे. त्याच्याकडून ओएसपीएफची अपेक्षा करणे म्हणजे साध्या मागावर जॅकार्डची नक्षी मागणे. रिपचीही हद्द आहे. १५ टप्प्यांपलीकडचे ठिकाण ते पोहोचण्याजोगे मानत नाही.

तपासणी या क्रमाने करून घ्यावी :

१) मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्स पाहावे. काही स्विचमध्ये यंत्र तेच असते, पण प्रोटोकॉल वरच्या लायसन्सवरच चालतो.

२) राउटिंग चालू आहे का ते पाहावे. अनेक स्विचमध्ये ते मुळात बंद असते, आज्ञा देऊन चालू करावे लागते.

३) प्रत्येक संगणकात 'गेटवे' म्हणून त्याच्याच जाळ्यातला राउटिंग करणाऱ्या यंत्राचा पत्ता आहे का ते पाहावे.

४) रस्त्यांची यादी उघडून हवे ते जाळे तिच्यात आहे का ते पाहावे.

५) परतीचा रस्ता तपासावा. गोदामाकडे जायचा रस्ता लिहिला आणि तिकडून परतायचा राहिला, तर निरोप पोहोचतो पण जबाब येत नाही. ही चूक फार आढळते.

६) समोरचा राउटर ओएसपीएफ बोलतो आणि आपल्या स्विचला ते येत नाही, असे असेल तर दोन्ही बाजूंना स्टॅटिक रस्ते लिहावेत. तो राउटर हे रस्ते पुढे आपल्या बोलीत इतरांना सांगू शकतो, फक्त त्याला तशी आज्ञा द्यावी लागते. थोड्या जाळ्यांसाठी एवढा इलाज पुरतो.

कुवतीचा हा मामला मोठ्यांनाही चुकलेला नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटवरील रस्त्यांची संख्या ५,१२,००० च्या पुढे गेली. जुन्या राउटर-स्विचपैकी अनेकांत तेवढ्याच रस्त्यांची जागा राखलेली होती. परिणामी ठिकठिकाणी सेवा अडखळल्या. त्यांपैकी काही यंत्रांत स्मरणशक्तीची वाटणी बदलून ती पुन्हा सुरू करताच काम भागले. यंत्र फेकावे लागले नाही.

नवा माल घेणेच भाग पडले तर कोणते प्रोटोकॉल चालतात, किती रस्ते मावतात आणि लायसन्स किमतीत आहे की वेगळे, हे तिन्ही बिलावर लिहून घ्यावे. कापड घेताना आपण पन्हा आणि सूत पाहतो. तीच नजर इथेही ठेवावी.