भिंत आधी वाळू द्या

वर्गखोल्यांच्या खिडक्यांवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. पण लोणावळ्याजवळच्या वलवणहून एका आईचं पत्र आलं आणि खिडक्या पुढे ढकलाव्या लागल्या. त्यांच्या मुलाचा खोकला जुलैत सुरू होतो तो दसऱ्यापर्यंत हटत नाही. त्याच्या पलंगामागच्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळी बुरशी चढते. दिवाळीला तिला ऑइलपेंट देतात, पुढच्या जुलैत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. याहून चांगला रंग कोणता, असं त्या विचारतात.

ताई, रंग शेवटी. आधी पाणी कुठून येतं ते शोधू. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात 700च्या आसपास. तरी बंगले दोन्हीकडे सारखेच: सपाट स्लॅब आणि वीतभर छज्जा. मावळातल्या जुन्या घराची वळचण खोल असे, पावसाच्या अंगाला पडवी असे, कारवीच्या कुडाला पेंढ्याचा आडोसा बांधत. नैर्ऋत्येची झड भिंतीपर्यंत पोचूच द्यायची नाही, हे त्या बांधणीमागचं शहाणपण होतं.

पावसात ही परीक्षा करून पाहा. भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करा आणि तिथे वीतभर प्लॅस्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून पक्कं बसवा. दोन दिवसांनी प्लॅस्टिकखाली थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. मग छज्जा वाढवणं, बाहेरच्या भेगा बुजवणं, गच्चीचा उतार बघणं ही कामं आली. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ते घरातल्या हवेतलं पाणी. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 22 लिटर! त्यात खोलीत दोरीवर वाळणारे कपडे. तेव्हा स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, मुलाच्या खोलीतली दोरी काढा, पलंग आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर आणि दमा जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये मार्गदर्शक सूचनांतच मांडलं. मेलेली बुरशीही त्रास देते, म्हणून ती कोरड्या ब्रशने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, आणि मुलाला तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. डॉक्टरांनाही या भिंतीबद्दल जरूर सांगा.

जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू नका. घरगुती रंगांत शिसं दशलक्षात 90 भागांहून जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते कितीतरी जास्त असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही घातक.

आता रंगाचं. ऑइलपेंट भिंतीतल्या ओलीची वाट बंद करतो, म्हणून फुगे येतात. दिवाळीला भिंत वरून सुकलेली दिसते, आत ओल असते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा, पोपडे ओले करून काढा आणि चुना द्या. चुन्यातून वाफ बाहेर जाते आणि त्याच्या क्षारामुळे बुरशी सहज धरत नाही.

खिडक्या पुढच्या आठवड्यात. तोवर लोणावळा-खंडाळ्याच्या वाचकांनी प्लॅस्टिक लावून बघावं आणि पाणी कुठल्या बाजूला आलं ते कळवावं.