शिकागोची वाढ आणि गृहकर्जाचा नकाशा

शिकागोची लोकसंख्या १८४० साली साडेचार हजारांच्या आसपास होती. रेल्वे, धान्यबाजार आणि कारखान्यांमुळे ती १८९० पर्यंत १० लाखांवर गेली. १९२५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या अर्नेस्ट बर्जेस यांनी शहराची वाढ वर्तुळांत मांडली. मध्यभागी व्यापारपेठ, भोवती नवागतांची दाट वस्ती, मग कामगारांची घरे, शेवटी सुखवस्तू उपनगरे. कमाई वाढली की कुटुंब बाहेरच्या वर्तुळात सरकते.

कृष्णवर्णीयांना मात्र असे सरकता आले नाही. १९३० च्या दशकातील सरकारी गृहकर्ज नकाशांत त्यांच्या वस्त्या लाल रंगाच्या, म्हणजे कर्जासाठी जोखमीच्या होत्या. अर्जदाराची ऐपत न बघता पत्ता बघून कर्ज नाकारले जाई. १९६८ च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला. म्हणूनच अभ्यासक आज जनगणनेबरोबर हे नकाशेही तपासतात. शहराची वाढ कर्ज कोणाला मिळाले यावरही ठरते.