विदर्भातील ससेपालन : पिंजऱ्यात मादीला बीळ मिळाले पाहिजे

ससेपालन करणाऱ्या शेतकरी बंधूंची एक तक्रार नेहमी ऐकू येते. माद्या गाभण राहतात, वितातही, पण पिले टिकत नाहीत. मग खाद्य बदलले जाते, औषधे दिली जातात. पिंजरा मात्र 'युनिट' विकणाऱ्याने दिला तसाच राहतो.

आपल्या धुऱ्यावर दिसणारा रानससा आणि पाळीव ससा हे वेगळे प्राणी आहेत. रानससा उघड्यावर गवतात विसावतो. त्याची पिले अंगावर केस असलेली व डोळे उघडलेली जन्मतात. (त्याला पकडणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.) न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला या पाळीव जाती मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या सशापासून आलेल्या आहेत. त्यांची पिले बिनकेसांची व आंधळी जन्मतात. डोळे उघडायला १० ते १२ दिवस लागतात. तोवर त्यांना अंधारी, ऊबदार जागा हवी असते आणि मादीला थंड, शांत आडोसा हवा असतो. जाळीच्या पिंजऱ्यात यांपैकी काहीच आपोआप मिळत नाही.

उन्हाळा

सशाला घाम जवळपास येत नाही. अंगातील उष्णता तो कानांवाटे व श्वासावाटे बाहेर टाकतो. १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. ३० च्या पुढे त्रास सुरू होतो आणि ३५ च्या वर जिवाला धोका असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, नुसत्या टिनाखाली त्याहून जास्त.

म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी व पश्चिमेला कडुलिंबाची सावली असावी. टिनावर चुन्याचा हात द्यावा आणि वर तणसाचा किंवा पऱ्हाटीचा जाड थर पसरावा. उन्हाळ्यात ज्या बाजूने गरम वारा येतो तेथे ओले बारदान किंवा कुलर लावावा. मे महिन्यातील हवा कोरडी असल्याने याचा चांगला उपयोग होतो. पावसाळ्यात तोच कुलर दमटपणा वाढवतो. तेव्हा तो बंद ठेवून हवा खेळती ठेवावी. पिंजऱ्याच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. आपले डोळे चुरचुरले तर लेंड्या व मूत्र साफ करण्यात दिरंगाई झाली आहे असे समजावे.

नराकडे फार दुर्लक्ष होते. त्याचे वीर्य तयार व्हायला सुमारे ७ आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्यातील उष्णतेचा फटका जुलैपर्यंत दिसतो, आणि माद्या उलटतात तेव्हा दोष माद्यांवर जातो. शेडमधील सर्वांत थंड कोपरा नरांना द्यावा.

मादीचा पिंजरा

मादीला पूर्ण ताणून झोपता आले पाहिजे आणि कान ताठ करून बसता आले पाहिजे. जाळीवर सतत बसून मागील पाय सोलतात, जखमा होतात. भारी वजनाच्या जातींत जास्त. त्यासाठी पिंजऱ्यात एक लाकडी फळी ठेवावी. प्रत्येक पिंजऱ्यामागे दोन फळ्या असाव्यात म्हणजे एक धुऊन उन्हात वाळवता येते.

मादी ३० ते ३२ दिवसांनी विते. २७-२८ व्या दिवशी साधारण ५० × ३० × ३० सें.मी. ची पेटी आत ठेवावी. प्रवेशाच्या बाजूला १५ सें.मी. उंच उंबरठा ठेवावा, नाहीतर सडाला चिकटलेले पिलू मादीबरोबर बाहेर ओढले जाते आणि जाळीवर पडून मरते. उन्हाळ्यात पेटीच्या तळाला भोके पाडावीत व गवत कमी घालावे. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटे दूध पाजते. ती पिलांजवळ बसत नाही म्हणून तिला पेटीत कोंडू नये. पिले पेटीबाहेर येऊ लागली की सारखी मागे लागतात, तेव्हा तिला चढून बसायला उंच फळी असावी. पाणी चोवीस तास हवे.

उत्तर आफ्रिकेच्या उष्ण भागात जमिनीत पुरलेली कोठडी पिंजऱ्याला जोडतात, दुपारी ससे तेथे उतरतात. आपल्याकडे बरड, निचऱ्याच्या जमिनीत हे करून पाहण्यासारखे आहे. भारी काळ्या जमिनीत मात्र करू नये. पावसाळ्यात कोठडीत पाणी भरते आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की भिंत फुटते. कोठडीच्या तोंडाला घट्ट बसणारे झाकण करून घ्यावे व पहिल्या पावसाआधी ते लावून टाकावे, म्हणजे घूस आणि साप दोन्ही आत शिरत नाहीत.