चपलेचा पत्ता, खुर्चीचं माप

जून २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांसोबत हुबेहूब कोल्हापुरी वाटावी अशी चप्पल झळकली. वर्णनात कोल्हापूरचं नाव नव्हतं. महाराष्ट्रातून संतापाची लाट उसळली आणि भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं नंतर मान्य केलं. या चपलेला २०१९मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र ती शोधायची असते, हे डिझाइन शिकणाऱ्याला वेळीच कोणीतरी सांगावं लागतं.

माहिती शोधून पारखण्याच्या या कौशल्यासाठी ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४मध्ये मांडली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ती उचलून धरली, पण शिकवण्याचा भर बहुधा पुस्तकांवर आणि शोधनिबंधांवर राहिला. डिझाइनच्या विद्यार्थ्याला तेवढ्यानं भागत नाही. त्याला चित्रं, मापं, मानकं, कायदेशीर नोंदी आणि कारागिरांचं ज्ञान, हे सगळं पारखून घ्यावं लागतं. पिंटरेस्टवरून तासाभरात भरगच्च मूडबोर्ड, म्हणजे प्रेरणादायी चित्रांचा फलक, तयार होतो. त्यातलं चित्र कोणाचं, कधीचं, वापरायला परवानगी आहे का, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. आता तर त्यात एआयनं रचलेल्या प्रतिमाही मिसळल्या आहेत.

साध्या खुर्चीचं उदाहरण घ्या. बैठकीची उंची किती ठेवायची? इंटरनेटवर आकडा लगेच मिळतो. तो कोणाच्या शरीरावरून आला, हा खरा प्रश्न. हेन्री ड्रेफस यांचं १९६०चं ‘द मेझर ऑफ मॅन’ हे गाजलेलं पुस्तक अमेरिकी शरीरांच्या मापांवर उभं आहे. भारतीयांची मापं देबकुमार चक्रवर्ती यांच्या पुस्तकात सापडतात; ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं, म्हणजे एनआयडीनं, १९९७मध्ये प्रकाशित केलं. पुस्तक हाती आल्यावरही काम संपत नाही. बैठकीसाठी गुडघ्यामागच्या खळगीपासून तळपायापर्यंतचं माप घेतात, आणि तेही सरासरी नव्हे, तर बुटक्या माणसांचं. नाहीतर त्यांचे पाय अधांतरी लोंबकळतात. दाराच्या उंचीला उलट उंच माणसं धरावी लागतात. माप कोणाचं घेतलं, पायात चपला होत्या का, वर्ष कोणतं, हे विचारायची सवय लागली की तक्ता वाचता येऊ लागतो.

कायद्याच्या नोंदींचंही असंच. डिझाइन अधिनियम, २००० नुसार नोंदणी झालेल्या रूपाला आधी १० वर्षं आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. पण या नोंदींत नुसतं ‘चप्पल’ टाकून शोध पुरा होत नाही. त्या लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार लावलेल्या असतात आणि पादत्राणांचा उपवर्ग आहे ०२-०४. हा क्रमांक ठाऊक असलेला विद्यार्थी कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावरच सावध होतो.

काही माहिती मात्र कुठल्याच नोंदवहीत पुरती उतरत नाही. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, हे वाचून कळतं. ते किती कमावलं की हवं तसं होतं, हे कारागिराच्या हाताला कळतं. म्हणूनच एनआयडीचे विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन हस्तकलांचं दस्तऐवजीकरण करतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं पुढाकार घेतलेल्या ‘डीसोर्स’ प्रकल्पात अशी माहिती सर्वांसाठी खुली आहे. मुलाखत कशी घ्यायची, फोटोआधी परवानगी कशी मागायची, कारागिराचं नाव कुठे द्यायचं, हाही अभ्यासक्रमाचाच भाग हवा.

पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात एक फेरी मारून यातलं काहीच साधत नाही. ग्रंथपालानं स्टुडिओत यायला हवं, तेही प्रकल्पाचा विषय हाती पडतो त्याच दिवशी, कारण शोधण्याची गरज तेव्हा खरी असते. पुढे ज्युरीसमोर रेखाटनांच्या शेजारी स्रोतांचा तक्ताही लागावा: कर्ता, ठिकाण, वर्ष, कुठे मिळालं, परवानगी. गुण देताना परीक्षकांनी त्या तक्त्यावरही प्रश्न विचारावेत.