काशीत वाट चुकली, तर उताराला लागा

काशीला निघालेल्या माणसाला पिंडदान आणि विश्वेश्वराचं दर्शन याविषयी सांगणारे घरोघरी भेटतात. पक्क्या महालातल्या गल्ल्यांतून वाट कशी काढायची, हे मात्र कोणी सांगत नाही. नदीकाठच्या जुन्या वस्तीला बनारसी माणूस पक्का महाल म्हणतो. इथे काही गल्ल्यांत हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागतात. वर चार-चार मजली घरं, समोरून सांड, मागून हॉर्न वाजवत मोटारसायकल. मोबाइलमधल्या नकाशाचा ठिपका अशा वेळी खुशाल शेजारच्या घरात जाऊन बसतो.

म्हणून नकाशा खिशात ठेवा आणि नदीचा अंदाज घ्या. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि जुनं शहर तिच्या उंच पश्चिम काठावर वसलं आहे. गोदौलिया-चौक रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला असाल, तर उतार आणि पायऱ्या धरून चालत राहा, घाटावर पोचाल. घाट चौऱ्याऐंशीच्या आसपास, बहुतेक एकमेकांना लागून. पाण्याकडे तोंड केलं की उजवीकडे अस्सी, डावीकडे राजघाट. घाटाघाटाने आपल्या मुक्कामाच्या घाटापर्यंत यायचं आणि तिथल्या पायऱ्यांनी वर चढायचं. गल्लीतून जवळ वाटणारं अंतरही असं खालून लवकर कापलं जातं. अस्सी ते राजघाट सहा-सात किलोमीटर भरतं. पहाटे निघालात तर उन्हं चढायच्या आत होतं. पावसाळ्यात मात्र हा हिशेब मोडतो. गंगा फुगली की घाट पाण्याखाली जातात, नावाही बंद ठेवतात.

रस्ता विचारताना लॉजचं नाव घेऊ नका, घाटाचं किंवा मोहल्ल्याचं घ्या. दारावरचे घरक्रमांकही वाचा. ‘डी’ने सुरू होणारा क्रमांक दशाश्वमेधचा, ‘बी’ भेलूपुरचा, ‘के’ कोतवालीचा, ‘सीके’ चौकातला. एवढं कळलं तरी आपण शहराच्या कोणत्या भागात आहोत ते समजतं. मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. दशाश्वमेधाला लागून दक्षिणेला अहिल्याबाई घाट, मणिकर्णिकेच्या पुढे उत्तरेला शिंद्यांचा घाट आणि मग नागपूरकर भोसल्यांचा. ही नावं पाठ करावी लागत नाहीत.

विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 साली बांधून घेतलं, हे आपल्याला ठाऊक असतं. मात्र डिसेंबर 2021 मध्ये नवा कॉरिडॉर खुला झाला आणि देवळापासून नदीपर्यंतची दाट वस्ती गेली. जुन्या प्रवासवर्णनात वाचलेली गल्ली तिथे शोधत फिरू नका. ललिता घाटाकडून थेट वर जाता येतं. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा तो मुक्कामीच ठेवलेला बरा. नाहीतर लॉकर देणारा दुकानदार पूजेचं ताटही गळ्यात मारतो.

मणिकर्णिकेवर फोटो काढू नयेत. तिथे कोणाच्या तरी घरचा माणूस जळत असतो. ‘गरिबांच्या चितेला लाकडं’ म्हणून पैसे मागणारे भेटतील. हात जोडून पुढे व्हा. ‘फक्त बघा, घेऊ नका’ म्हणत साड्यांच्या गोदामात नेणाऱ्यालाही तेच. नावेचा भाव चढण्याआधी ठरवा, आणि तो माणशी की अख्ख्या नावेचा, तेही विचारून घ्या. सगळी भांडणं तिथेच होतात.

सकाळी कचौडी-सब्जी आणि जिलेबी खा. थंडीत गेलात तर मलइयो चुकवू नका. दुधाचा हा केशरी फेस रात्रीच्या दवात धरतो आणि ऊन तापलं की बसतो, त्यामुळे दहानंतर विचारण्यात अर्थ नाही.

आता दिवाळीचं. अन्नपूर्णेच्या सोन्याच्या मूर्तीचं दर्शन धनत्रयोदशीपासून अन्नकुटापर्यंतच्या मोजक्या दिवसांत होतं. रांग मोठी, पण जमल्यास जावं. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी देखणी खरी, पण त्या रात्री घाटावर पाऊल टाकायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव भडकतात. गल्ल्या पाहायच्या असतील, तर मी म्हणेन, पौर्णिमा उलटल्यावर चार दिवसांनी या.

तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. वाराणसी जंक्शन म्हणजे लोकांच्या तोंडचं कँट. बनारस म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह. काशी नावाचं स्टेशन तिसरंच. आणि दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुनं मुगलसराय, गंगेच्या पलीकडे आहे. तिथून गाडी पकडायची असेल, तर पुलावरच्या कोंडीसाठी हातात दोन तास ठेवून निघा.