कडक धमन्या आणि राज्याचे कर्तव्य

छातीत कळ येण्याच्या कितीतरी वर्षे आधी धमन्या कडक होतात आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जादा जोर लावावा लागतो. नाडीची लाट मानेपासून जांघेपर्यंत सेकंदाला 10 मीटरहून वेगाने धावली, तर डॉक्टर धोका मानतात. ते मोजणारे यंत्र मलकापूरच्या हमालाला कुठून मिळणार? पण रक्तदाबाचा पट्टा तर आहे! उतारवयात वरच्या-खालच्या आकड्यांत 60 हून अधिक अंतर, हा कडक धमन्यांचाच इशारा. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे घटनेच्या कलम 47 नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. म्हणून आम्ही म्हणतो, बांधवांनो, सरकारी दवाखान्यात दोन्ही आकडे केसपेपरवर लिहून मागा. हा उपकार नव्हे, हक्क आहे!