देवघरातली शपथ

नाशिकला आलेला पाहुणा काळाराम, सीतागुंफा, गोदाघाट बघतोच. मी त्याला देवळाली कॅम्पच्या पुढे भगूरला नेते, सावरकरांच्या वाड्यात. 28 मे 1883 रोजी विनायक दामोदर सावरकर भगूरमध्ये जन्मले. वाडा म्हटल्यावर शनिवारवाडा डोळ्यांपुढे आणू नका. खाऊनपिऊन सुखी कुटुंबाचं हे घर, आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

पेशवाईत रुजलेल्या वाड्यांची रीतच अशी, की रस्त्याला भिंत आणि दार दाखवायचं, घर आत उघडायचं. ओसरीवर कोणीही टेकावं, माजघरात घरच्यांनीच वावरावं. देवघर त्याहून आत, बहुधा स्वयंपाकघराला लागून; म्हणजे पाणी, नैवेद्य आणि सोवळं एकाच बाजूला राहतं. जुन्या नाशकात माझ्या माहेरी देवघर म्हणजे भिंतीतला एक काजळलेला कोनाडा. आजी तिथे देवाशी चक्क भांडायची. देवळात कुठलं एवढं मोकळं बोलता येतंय!

मध्ययुगीन युरोपात सधन व्यापाऱ्याला घरातल्या प्रार्थनागृहात मिस्सा करवायची, तर बिशपची परवानगी लागे. आपल्याकडे तसा कागद कोणी मागितला नाही. पण पाळीतल्या बाईला त्याच देवघराचा उंबरा बंद होता, हेही सांगायला हवं.

सावरकरांच्या घरी अष्टभुजा भवानीची मूर्ती होती. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. दामोदर चाफेकर 18 एप्रिल 1898 ला फासावर गेले. त्या बातमीने पेटलेल्या किशोरवयीन विनायकाने घरच्या देवीपुढे सशस्त्र लढ्याची शपथ घेतली. ‘माझ्या आठवणी’त त्यांनीच ते लिहिलं आहे. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, मला नवल वाटतं ते जागेचं. देवळात पुजारी असतो, गर्दी असते, एखादा सरकारी कानही असतो. देवघरात मूर्ती आणि मुलगा, एवढेच. पुढे नाशकात त्यांची मित्रमेळा ही क्रांतिकारकांची संघटना निघाली, 1904 मध्ये अभिनव भारत. तिथेही शपथ होतीच, फक्त आता ती साथीदारांसमक्ष घ्यायची होती.

वाडा बघून झाला, की पाहुणे विचारतात, देवी कुठाय? ती भगूरच्याच खंडोबाच्या देवळात आहे. तिथे दर्शनाला कोणीही जाऊ शकतं.